नऊ खापरं

तापीकाठी, शिरपूरच्या अलीकडे,
केळीचे ट्रक धुतात त्या वळणावर
दयारामआप्पा बडगुजरांचं पत्र्याचं शेड.
आत घोडीला आवळलेलं इंजिन,
नऊ सिलिंडर, बैलगाडीच्या आऱ्यांसारखे.
शंभर वर्षांमागची तऱ्हा ही :
दांडा जागच्या जागी, गरगरतं ते इंजिनच.
सात वर्षं लेथवर कातलंय.
विमान नाही.
विमानाचं विचारू नका,
सुनेनं फाटकातच सांगितलं.

तेल एरंडाचं घालतात.
पेट्रोलात विरघळत नाही म्हणून,
आणि बोदवडला घाण्यावर उधार मिळतं म्हणूनही.
इंजिन सुरू झालं की शेडभर
जुलाबाच्या रविवारचा वास.

अडचण एवढीच.
फिरणारं सगळं बाहेर फेकतं.
तेल धावतं ते थेट सिलिंडरच्या डोक्याकडे,
आणि प्लग तर डोक्यातच बसलेले.
चार मिनिटं नऊच्या नऊ बोलतात,
मग सात,
मग पाच,
मग लंगडतं, पाय उचलून धरलेल्या कुत्र्यासारखं.

मी प्लग काढते. ओले, काळे.
"थंडा शे हाऊ प्लग, आप्पा."
आप्पांना थंडच हवा.
गरम प्लगनं एक पिस्टन खाल्ला होता त्यांचा.
तो खिडकीत ठेवलाय, भोक पडलेला,
भोकातून नदी दिसते.

प्लगचं नाक पांढऱ्या चिनीमातीचं.
माझी आई लग्नाघरी खापरावर पोळ्या करायची.
खापर निवलं की पोळी चिकटायची,
चढलं की पापणी लवायच्या आत काळे डाग.
ती शिंतोडा मारून कान द्यायची,
हात मात्र मागे, पदरात.
मी नऊ खापरांकडे बघत बसते.
एक घर गरम घालू या, म्हणते.
आप्पा एकाच सिलिंडरला कबूल होतात,
तोही खिडकीपासून लांबचा.

सुरू करतात.
या इंजिनाला वेग कमी करणं ठाऊक नाही,
ठिणगी तोडायची, एवढंच.
आप्पा स्टुलावर बसतात, डोळे मिटतात,
अंगठ्यानं बटण दाबून धरतात.
पंखा आपल्याच ओढीनं फिरत राहतो,
तेल येतच राहतं, पेट्रोल येतच राहतं,
पेटवणारं कोणी नाही.

"आप्पा, बटण सोडा!"
"थांब, आते उतरी राहिनू."
"कुठून?"
"अनेर धरणवरथून."

मी घड्याळ बघते. पन्नास सेकंद.
रोज इतकं लांबून उतरत होते
आणि मी प्लगांना दोष देत होते.

त्यांच्या अंगठ्यावर हात ठेवते.
सोडा. धरा. सोडा.
भड्. शांत. भड्. शांत.
धूर पांढरा, मग पातळ.
डोळे मिटलेलेच.
गुडघे मात्र किंचित वर येतात,
जमीन जवळ आली असावी.

सून चहा घेऊन दारात थांबली आहे,
पंखा थांबेपर्यंत आत येत नाही.