ओहोटीला उभी राहणारी

सतरा बोटी पाहिल्या आम्ही त्या हिवाळ्यात,
पँपोलपासून नदीच्या मुखापर्यंत,
यार्डायार्डांतून टेकूंवर चढवलेल्या,
ताडपत्रीखाली घोरत पडलेल्या.
शिडी लावायची, वर चढायचं,
आत वाकून वास घ्यायचा:
डिझेल, बुरशी, कुणाचा तरी जुना कांदा.

गुलवेन आधी डोलकाठी बघायचा.
मी आधी बघायचे, ओला कोट कुठे टांगायचा.

तेहतीस वर्षं टपाल वाटलंय मी या किनाऱ्यावर,
पावसाचं कौतुक मला सांगू नका.
ओला कोट दाराशी थांबला नाही
तर घर घर राहत नाही,
मग ते जमिनीवर असो की पाण्यावर.
विकणारे म्हणायचे, मादाम,
ही अटलांटिक दोनदा ओलांडून आलीय.
मी विचारायचे, आणि मोजे कुठे वाळवले?

तांगी यायचा सोबत, हातोडी घेऊन.
बोटीच्या पोटावर टकटक करत फिरायचा
डोळे मिटून, कलिंगड पारखावं तसा.
टण, टण, टण, आणि मग एकदम
धप्.
कुठेतरी पाणी मुरतंय,
असं आपण नुसतं म्हणतो.
तांगी तिथे खडूने गोल काढायचा.

एक निळी होती, बारा मीटरची.
गुलवेन तिच्या चक्रामागे उभा राहिला
आणि दोन्ही हातांनी ते धरून, जमिनीपासून दोन माणूस उंचीवर,
यार्डातल्या क्रेनच्या दिशेने निघाला.
मी काही बोलले नाही.
एकसष्ट वर्षांचा माणूस असा उजळलेला
वर्षातून किती वेळा दिसतो?
खाली तांगी नववा गोल काढत होता.

अठरावी यार्डात नव्हतीच.
खाडीच्या वळणावर, पाणी पार ओसरलेलं,
काळ्या चिखलात ती उभी होती
टेकूशिवाय, दोरीशिवाय,
दोन आखूड कण्यांवर,
रवंथ करणाऱ्या गाईसारखी निवांत.
साडेनऊ मीटर. रंग म्हणाल तर उरलेला.
गमबूट घालून आम्ही तिच्यापर्यंत चालत गेलो.
बोटीपर्यंत चालत!

कोरांतँ म्हातारा काठावरच थांबला.
त्यानं शाळेची वही दिली, त्याच्या अक्षरात
एक्केचाळीस दोष, तारखांसकट:
तिसरी खिडकी गळते, पण नैऋत्येचा वारा असला तरच.
शेगडीची डावी ज्योत रुसते, समजूत काढावी.
वारा समोरून आला तर चालत नाही, विचार करते.
शेवटची नोंद बोटीची नव्हती.
गुडघे, दोन्ही.

घर पाहावं बांधून म्हणतात.
बोट पाहावी झोपून.
मी बूट काढले आणि डाव्या बाकावर आडवी झाले.
गुलवेन वर काहीतरी मोजत होता,
मोजता मोजता निळीबद्दल बोलत होता,
की अशा बोटीनं अझोर्सला पोचायला...
आणि वाक्य तिथेच राहिलं.
भरती आली होती.
आधी कानाजवळ, फळीपलीकडे, बारीक चुळबुळ.
मग चिखलानं एक पाऊल सोडलं.
बराच वेळ काहीच नाही.
मग दुसरं.
अख्खी बोट, शेगडी, वही, आम्ही,
एका बोटाएवढे वर उचललो गेलो
आणि कुणीही काही केलं नव्हतं.

दाराशी पितळी हूक होता.
त्याखाली, गळणाऱ्या पाण्यासाठी,
बिस्किटांच्या डब्याचं झाकण.

गुरुवारी नोटरीकडे घराच्या सह्या झाल्या.
गुलवेन अजून कधीमधी बघतो,
निळीची किंमत उतरली का.
बघू दे.
मी ताटल्या निवडतेय. चौदा होत्या,
तीन ठेवल्या, एक पाहुण्याची.
पाचवीला कडेला कपचा गेलाय
आणि ती घेऊन मी केव्हाची
स्वयंपाकघराच्या मधोमध उभी आहे.