डावीकडचा आरसा

मान आता डावीकडे वळत नाही.
उजवीकडे वळते, कुरकुरत;
डावीकडे खांद्यापाशी येऊन अडते
गंजल्या बिजागरीच्या फाटकासारखी.
परवा डोल्गेथ्लायच्या पुलापाशी एका सायकलवाल्याने
माझ्या बॉनेटवर थाप मारली, आणि वेल्शमध्ये जे बोलला
ते मी त्र्याहत्तर वर्षांत फक्त मेंढ्यांच्या बाजारात ऐकलं होतं.

म्हणून आरसा.

गाडी सदुसष्टची, फिकट पिवळी, दोन सीटांची.
नर्सच्या पगारातून घेतलेली, तीही दुसऱ्या हाताची.
कारखान्यातून निघाली तेव्हा तिला डावीकडे आरसा नव्हताच.
तेव्हा डावीकडून कोण येणार होतं?

एम्लिनने बिस्किटांच्या डब्यातून
सात आरसे काढून जुन्या टॉवेलवर मांडले.
एक निमुळता, गोळीसारखा. "रेसचा आहे."
मी रेसला जात नाही, फिजिओकडे जाते.
एक चौकोनी, तो ट्रॅक्टरलाच शोभावा.
दोन लांब मानेचे, पार पुढे दिव्यांजवळ बसणारे;
दिसायला बगळे, पण त्यांच्यात जग नखाएवढं.
मी गोल उचलला.
"त्याला बाक आहे," एम्लिन म्हणाला,
"सगळं दिसतं त्यात, पण जवळचं लांब वाटतं."
म्हटलं, त्याची सवय आहे मला.
एक मुलगा न्यूझीलंडला असतो,
दुसरा वरच्या गल्लीत.

मग पुठ्ठ्याचा गोल कापून दारावर चिकटवला.
मी आत बसले, तो बाहेर वाकला.
पुढे. नको, तिरप्या काचेची चौकट आड येते.
मागे. अजून बोटभर.
काच खाली उतरवून पाहिली, आत नटाला लागायला नको.
उजव्या दाराचं माप घेऊन डाव्यावर ठेवलं
तर जुळेना. चार मिलिमीटरचा फरक.
"शुक्रवारी बनवली असेल," एम्लिन म्हणाला,
जरा घाईनेच.

ड्रिल त्याने माझ्या हातात दिलं. "गाडी तुझी."

बत्तीस वर्षं सुया टोचल्यात मी,
बाळांना, मेंढपाळांना, एकदा तर एका बिशपला,
कधी हात हलला नाही.
पण माणसाचं कातडं रात्रीतून भरून यायला लागतं.
पत्र्याला तेवढी अक्कल नसते.
चिकटपट्टी, तिच्यावर पेनाची फुली,
पंचवर हातोडीचा एकच ठोका. टिच्.
आणि मग दाबलं.

भुसा पिवळा पडला. मग करडा.
मग हिरवा.

बाटलीच्या काचेसारखा, गडद हिरवा,
बारीक कुरळ्या होऊन माझ्या चपलेवर.

माझी गाडी कधीच हिरवी नव्हती.

त्र्याऐंशीचा हिवाळा. मी बहिणीच्या बाळंतपणाला लिव्हरपूलला,
आणि ग्विनचं पत्र: गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय, तीन आठवडे लागतील.
तीन आठवडे.
तेव्हा मला वाटलं होतं, किती काळजी घेतो.

ग्विनला जाऊन नऊ वर्षं झाली.
सर्व्हिसिंग करणारा मात्र इथेच उभा होता.
त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसायला लागला.
बराच वेळ पुसला. स्वच्छ होता तो.

मी विचारलं नाही.
म्हटलं, भोकाच्या कडेला प्रायमर लाव,
नाहीतर गंज धरेल.
त्याने लावला, बायकोच्या जुन्या नेलपॉलिशच्या ब्रशने,
फार जपून. मग रबराची चकती, मग बोल्ट,
मग नट, शेवटचा अर्धा फेरा हातानेच.

मी सीटवर बसले.
"थोडा वर," मी म्हटलं. "आता आत. अजून. बस."
आरशात मागचं आयुष्य वगैरे काही आलं नाही.
कचऱ्याचे तीन डबे आले, शेजाऱ्यांचं कुंपण,
डोंगराचा एक तुकडा, त्याच्यावर पांढरे ठिपके,
आणि लहानसा, लांबचा वाटणारा एम्लिन,
हत्यारं गोळा करताना मध्येच थांबलेला.
त्याने डाव्या दाराच्या मागच्या कडेवरून,
जिथे ते खांबाला टेकतं त्या फटीवरून,
अंगठा हळूच खालपर्यंत फिरवला,
जुनं काम तपासावं तसा.

त्याला वाटलं,
मला ती बाजू दिसत नाही.