सर्दी झालेले परग्रहवासी

आमच्या कुताइसीत परग्रहवासी उतरायचे
ते बुटांच्या कारखान्याच्या तळघरात, दर शनिवारी,
आणि सगळेच्या सगळे शाल्वाच्या आवाजात बोलायचे.
शाल्वा शाळेत भूगोल शिकवायचा. बारा महिने सर्दी.
टीव्हीशेजारी स्टुलावर बसून, माइक मफलरमध्ये खोचून,
तो एकटा सगळ्यांचं भाषांतर करायचा:
कॅप्टनचं, कॅप्टनच्या विधवेचं, यंत्रमानवाचं,
हिरव्या चिकट जिवाचंही.
विधवा हंबरडा फोडायची तेव्हा तो फक्त म्हणायचा, "रडते आहे."
आम्ही रडायचो.

तेव्हापासून माझी मतं पक्की आहेत.
कुणी विचारत नाही, तरी आहेत.

भूत सूड घ्यायला आलं असेल तर मी उठून चहा ठेवते.
सूड काय, जिवंत माणसंही घेतात.
मला आवडतं ते भूत, जे अर्ध्या जिन्यात थांबलंय
आणि वर कशाला निघालो होतो तेच विसरलंय.

तिसऱ्या पानावर कुणी दाढीवाला पोराला सांगतो, "तूच तो,"
की मी पुस्तक मिटते.
आमच्या गल्लीत कुणीच "तो" नव्हता,
तरी पहाटे चारला पावाच्या रांगेत कुणीतरी उभं असायचंच.
ड्रॅगन असू दे. ड्रॅगनबद्दल तक्रार नाही.
पण त्याच्या गुहेतलं सोनं पुसतं कोण
हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल,
तर तो ड्रॅगन भाड्यानं आणलेला.

आणि कालयंत्रात बसून जो तो राजे मारायला जातो.
एकही जण साध्या मंगळवारी जात नाही,
आई अंगठी विकायला बाजारात निघाली त्या,
दारात उभं राहून नुसतं म्हणायला,
"थांब ना जरा."

त्र्याण्णवचा हिवाळा. पडद्यावर यान बंद पडलेलं.
आत सात माणसं, बाहेर काहीतरी.
कडी हलली.
शाल्वा म्हणाला, "दार उघडतं आहे"
आणि वीज गेली.

अख्ख्या गावाची. त्या वर्षी ती अशीच जायची.
कुणी उठलं नाही. काहींनी तिकिटापोटी अंडी दिली होती,
ती काय परत मागणार?
अंधारात शाल्वानं नाक शिंकरलं
आणि पुढे बोलू लागला.
पुढचं त्याला माहीत नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं.
"बाहेर बर्फ आहे," तो म्हणाला. "बाहेर जे आहे
त्याला थंडी वाजते आहे."
मागून एतेरी ओरडली, "मग कोट दे म्हणावं!"
शाल्वा म्हणाला, "देते आहे."
कुणी विचारलं, ते खातं काय.
कुणी म्हणालं, त्याला घरी आई असेल.
ओतार, ज्याचा भाऊ सुखुमीहून परतला नव्हता,
त्यानं बऱ्याच वेळानं विचारलं,
"दार उघडंच ठेवलंय ना?"
शाल्वा काही बोलला नाही. मग म्हणाला, "हो. उघडंच."

शेवट झाला नाही. पोरगं मेणबत्ती घेऊन आलं
आणि उजेडात आम्हाला एकमेकांची लाज वाटली.

परवा भाच्यानं, बेकानं, तो सिनेमा फोनवर शोधून दिला.
दारामागे रबराचा खेकडा होता.
दहा मिनिटांत सहा जणांना खातो.
"आवाज किती स्वच्छ आहे बघ," बेका म्हणाला. आहे.

तो स्वतः खेळ खेळतो, मरतो, उठतो, पुन्हा मरतो.
"तुमच्या वेळी किती जीव मिळायचे?"
"एक," मी म्हटलं. "तोही वीज असेपर्यंत."

मग मी फोनचा आवाज बंद केला.
खेकडा जबडा उघडत होता.
मी नाक चिमटीत धरून, सावकाश, म्हणाले,
"त्याला थंडी वाजते आहे."

बेकानं माझ्याकडे पाहिलं.
"आत्या, तुला सर्दी झालीये का?"