गो, नो-गो

सकाळी सहालाच दाढी झाली होती.
कानामागं साबण राहिलेला, मी पुसायला गेले
तर म्हणाले, असू दे, दिसत न्हाई.
रात्रीच बजावलं होतं मी:
अप्पा, उद्या त्या बाई आल्या की उठू नका.
खुर्चीतच बसा. जमत नाही म्हणा.
जमत नाही म्हटल्याशिवाय
सरकार घरी माणूस पाठवत नाही.

मगदूम आदगोंडा जिनाप्पा, वय एक्क्याऐंशी.
बत्तीस वर्षं उद्यमनगरात, लेथवर.
सीपीआरच्या तिसऱ्या फेरीला टक्का मिळाला,
तलाठ्याकडनं उत्पन्न मिळालं
(रिक्षाला गेलेले त्यातनं वजा होत नाहीत),
यंत्रावर अंगठा मात्र उठेना.
पोरगा म्हणाला, आजोबा, जोरात दाबा.
अप्पा म्हणाले, बाळा, तो अंगठा
लोखंडाच्या किसाबरोबर गेला, थोडा थोडा.
आता कुठनं आणू?

मुजावर मॅडम अकराला आल्या,
गल्लीच्या तोंडाला स्कूटर लावून, हातात तक्ता.
आणि अप्पा उठले.
खुर्चीच्या हाताला धरून, हसत,
मला महिनाभर न दिसलेल्या ताकदीनं उठले.
"या की, बसा. त्रिशला, च्या टाक."

स्वतः जेवता?
जेवतो की.
(भाकरी दुधात कुस्करून
चमचा मुठीत कोण बसवतं,
ते तक्त्यात विचारलेलं नव्हतं.)
आंघोळ?
रोज.
जिना चढता?
परवाच गेल्तो वर.
परवा नव्हे. गेल्या शिमग्याच्या आधी.
उत्तरागणिक एक खूण,
आणि आमच्याकडं येणारा माणूस
गल्लीतनंच परत फिरायला लागला.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं.
मी कपबशीकडं.
बापाला त्याच्यासमोर खोडायचं,
तर कुठल्या शाईनं?

मग त्या म्हणाल्या, काका,
हे वरचं बटण तेवढं लावून दाखवता?

शेजारच्या कुकरची एक शिट्टी झाली.
दुसरी झाली.
बोटं काजापर्यंत जात,
तिथं थरथरून खाली येत.
तिसरीला बटण काजाच्या कडेवर बसलं,
ना आत, ना बाहेर.

अप्पांनी हात मांडीवर ठेवले.
बराच वेळ त्या बटणाकडं बघत राहिले,
एके काळी कच्च्या निघालेल्या जॉबकडं बघत तसे.
गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये,
मधे काही नसतं.
अर्ध्या सुतापायी मालकाशी भांडून
त्यांनी अख्खा लॉट भंगारात घातला होता.
त्या दिवाळीला बोनस नव्हता.
मी आठवीत होते, पक्कं आठवतंय.

"बाई," ते म्हणाले, "खोडा ते.
मघापासनं मी खराब माल पास कराय लागलोय."

आणि सांगत सुटले, एकेक माप वाचून दाखवावं तसं.
रात्री दोनदा ही उठवती.
परवा मोरीपर्यंत पोचलो न्हाई.
जिना बंद हाय, वरीस झालं.
जेवायचं काय, भरवती ही, मी गिळतो.
"आणि हिला साठावं लागलंय. मला उचलून
हिची कंबर धरती. ते कुठं लिव्हायचं?"

त्याला रकाना नव्हता.
मॅडमनी समासात लिहिलं, बारीक अक्षरात,
आणि चहा गार झाला होता तरी पूर्ण प्याल्या.

पत्र पोस्टानं येईल म्हणाल्या, नाहीतर फोन.
दारात मला एकटीला म्हणाल्या,
टक्का जरासा कमी पडतोय, बघू.

मी आत आले, बटण लावायला वाकले.
"थांब."
गल्लीच्या तोंडाला स्कूटर सुरू झाली,
वळली, भट्ट्यांच्या खडखडाटात मिसळून गेली.
"हं," अप्पा हनुवटी वर करून म्हणाले,
"आता लाव."