डाव्या पायाशी

खडीचा रस्ता, आडवा वारा, आणि डाव्या पायाशी
खुळखुळ खुळखुळ –
खिशात सुटे पैसे घालून कुणी शेजारून पळतंय अशी.
तिसऱ्या गिअरला, ताशी पन्नासवर सुरू होते,
साठला दम खाते,
सत्तर या रस्त्यावर अजून कुणी पाहिलेलं नाही.

बूट टेकवला की गप्प.
उचलला की पुन्हा.
तान्ह्याच्या पाठीवरून हात काढावा तसं.

आधी मी भलत्यांवरच संशय घेतला.
सायलेन्सरवर. चेनच्या झाकणावर.
लशीच्या बाटल्यांवर तर दोन आठवडे:
त्या कापसात गुंडाळल्या, मग माझ्या लोकरी मोज्यांत,
आणि पाय गारठवत चुबुतचं अर्धं पठार फिरले.

शेवटी टायरवाला इथेल प्यू जमिनीवर आडवा झाला,
एका बोटानं गिअरच्या दांडीचं टोक हलवलं,
म्हणाला, "हे."
दगड लागला तर मोडू नये, दुमडावं,
म्हणून ते टोक बिजागरीवर असतं.
आत एक पिन, एक स्प्रिंग.
पिन झिजलेली, स्प्रिंग थकलेली.
नवा भाग त्रेलेउहून. तीन आठवडे.
तीन आठवड्यांत इथं हिवाळा येऊन बसतो.

रविवारी दवाखान्यात कुणी नव्हतं.
टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं
आणि मंगळवारी ज्या चिमट्यानं
रूपेर्तो नाउएलकिरची भुवई शिवली होती
त्याच चिमट्यात स्प्रिंग धरली. (नंतर उकळला. दोनदा.)
पिन ठोकून काढली. भोक गोल उरलं नव्हतं,
लांबट झालं होतं, अंड्यासारखं;
सोळा वर्षं एकाच बाजूनं ढकललं की
कुणाचंही होईल.
सार्डिनच्या डब्याची पट्टी कापली,
पिनेभोवती गुंडाळली. जाड.
दुसरी पातळ.
तिसरी बसली – अंगठ्यानं रेटावी लागेल इतकी,
हातोडी लागणार नाही इतकी.
सांध्यात सलाइनच्या नळीचं एक कडं,
वर बोटभर ग्रीस.
टोक दुमडलं, सोडलं.
टप्‌.
एकदाच.

सोमवारी गुआनाकोंचा कळप
मी अगदी जवळ पोचेपर्यंत चरत राहिला.
सेल्मिरा अंतिएकोच्या दारात कुत्रंही भुंकलं नाही.
"कोण?"
हातात काठी, टेकायला धरतात तशी नव्हे.
"मी. इन्सुलिन."
"छे. ती वाजत येते."

मग चुलीकडे वळून, फणकाऱ्यानं:
पहिल्या फाटकाशी तुझी खुळखुळ ऐकली
की मी किटली चढवते.
तीन फाटकं उघडून, लावून तू येईस्तोवर
येर्बापुरतं पाणी तापतं, उकळत नाही.
आता बघ. किटली गार, पेला गार, बाई दारात.
कुणी शिकवलं तुला चोरासारखं यायला?

सुई झाली. पाणी काही तापेना, लाकूड ओलं.
एरवी एक पेला घेऊन मी उठते.
आज बसून राहिले. तीही.
बोलायचं ते संपल्यावर तिनं उगाच मोजा ओढला,
परत वर केला,
मी विचारलं तेव्हा म्हणाली, काही नाही,
आणि मग काढलाच.

टाच. डावी.
रुपयाएवढी जागा, काळी.
कधीपासून?
"लोकर कातरायच्या आधीपासून. दुखत नाही ना."
दुखत नाही हेच तर, बाई.

ती धुतली, बांधली. गुरुवारी जीप घेऊन येते म्हटलं.
ती नको म्हणाली, मग पाण्याला आधण आलं
आणि ती त्याच्यावरच चिडली.

यापुढे पहिल्या फाटकाशी हॉर्न वाजवीन
असं कबूल करून निघाले आहे.
हॉर्न चालतो का ते बघायचंय.

परतताना पन्नासवर
दिव्याच्या मागे कुठेतरी
बारीक, अगदी बारीक
टिक. टिक.
नवीन नसावी.