उत्तरेची भिंत

नवरोज उलटून महिना झाला की मला बोलावणी येतात,
झाबोलकडून, आसपासच्या गावांतून.
मी खोदादाद. चिखल आणि भुसा, एवढंच माझं भांडवल.
चिखल आठवडाभर कुजवायचा, मग तुडवायचा.
पुरे कधी, ते टाचेलाच कळतं.
घुमटावर एक हात, तो सुकला की दुसरा,
आणि वर चुना, डोळे दिपतील असा,
उन्हाला आल्या वाटेनं परत लावायला.

छप्पर काय, कुणीही करील.
खरं काम उत्तरेच्या भिंतीचं.

इथं एकशेवीस दिवस एकच वारा वाहतो,
एकाच दिशेनं, रात्रंदिवस, खुळ्यासारखा.
माझा बाप म्हणायचा, बैल मारका असला म्हणून काय झालं,
जू तर त्याच्याही मापाचं असतंच.
वितीवर वीत मोजून त्यानं या भिंतींना भोकं पाडली.
भोकावर चौकट, चौकटीत जवाशाचे काटे गच्च दाबलेले,
आणि बाहेरून आम्ही पोरं
तेलाच्या डब्यांनी पाणी मारत उभे.
वारा घरात यायचा तो न्हाऊन,
काट्यांचा हिरवा, तुरट वास घेऊन.
भर दुपारी दोन वाजता आतून बाया ओरडायच्या,
बास रे मेल्यांनो, पोरगं काकडलं!

तेव्हा उत्तरेला हामून होतं.
नजर पोचेल तिथवर पाणी, लव्हाळी,
लव्हाळ्यांच्याच बांधलेल्या होड्या,
आणि चरायला पोहत जाणाऱ्या गायी, फक्त शिंगं वर.
वारा त्या तळ्यावरून यायचा.
नदी वरच अडली. तळं गेलं, तळ उरला.
फरक एका टिंबाचा.
वारा मात्र तोच, त्याच तारखेला निघतो,
आणि वाटेत जे सापडेल ते उचलून आणतो.

आज शहरबानू बाईंकडे होतो.
तीस वर्षं शाळेत शिकवलं त्यांनी.
म्हणाल्या, बुजव. सगळी.
जाहेदानहून मेहराब कूलर पाठवतोय.
छातीचा फोटो काढला तेव्हा डॉक्टरनं विचारलं,
सिमेंटच्या कारखान्यात होता का?
फोटोत उजवीकडे ढग दिसला.
"सात वर्षांतला पहिलाच," असं म्हणून हसल्या
आणि मग बराच वेळ खोकत राहिल्या.

दहा भोकं. बापानं पाडलेली, मी बुजवायची.
पहिली आठ मी मुकाट्यानं बुजवली.
कच्ची वीट, चिखल, वरून थापी.
घर एकेका विटेनं बहिरं होत गेलं.
रस्त्यावरची मोटारसायकल आधी दूर गेली,
मग कोंबड्या.

नवव्यात हात घातला तर आत, वरच्या अंगाला,
ओल्या चिखलात ओढलेली चार बोटं.
करंगळी अर्धीच.
सरकीच्या घाण्यात गेली होती ती, माझ्या जन्माआधी.
चाळीस वर्षं वारा या बोटांवरून घासत गेला
आणि ती पुसली नाहीत.

मी खाली उतरलो. विडी पेटवली नाही,
बाईंच्या अंगणात पेटवत नाही.
म्हटलं, हे एवढं राहू दे का? वीतभर तर आहे.
त्या उठल्या, स्टुलावर चढल्या,
स्वतःचा हात आत घातला, चाचपलं.
"बाहेरून लिंप," म्हणाल्या. "आतून राहू दे."

आता तिथं कोनाडा आहे.
त्यात त्या श्वासाचा पंप ठेवतात आणि काड्यापेटी.

दहाव्याला वेळ लागला नाही.
दाराच्या फटीला गोणपाट ठोकलं, खिडक्यांना कागद चिकटवला.
पैसे दहाचे दिले. मी म्हटलं, साडेनऊचे झाले.
म्हणाल्या, गणित मला शिकवू नकोस.

निघालो तेव्हा पान हलत नव्हतं.
आणखी पंधरा दिवसांनी तो येईल,
भिंतीपाशी थांबेल,
आंधळ्यासारखा हात फिरवेल ओळखीच्या जागांवर.
मला अजून सहा घरं उरकायची आहेत.