भात्याची बाजू

शमुवेल काकांनी फोनवर एवढंच विचारलं,
"पेट्या दुरुस्त करता ना जी तुम्ही?
आमची जराशी मोठी आहे."

जराशी!
इतवारीतून निघालो तेव्हा पिशवीत
सरस, सूर घासायची कानस,
मेंढीच्या कातड्याचा वीतभर तुकडा.
आणि खिशात कांदा, ऊन लागू नये म्हणून
बायकोनं कोंबलेला.

सदरच्या त्या चर्चमध्ये कधी गेलो नव्हतो.
चपला काढू की नको, दारातच अडलो.
"या, असेच या."
काढल्याच शेवटी. फरशी गार लागली.

समोर भिंतभर ऑर्गन.
पुढच्या रांगेत सतरा सोनेरी नळ्या,
बुंध्याशी रंगवलेली वेलबुट्टी.
"ह्या मोठ्यांचा आवाज कसा आहे?"
"ह्यांना आवाज नाही. ह्या पाहायच्या.
बोलणाऱ्या मागं आहेत, अंधारात."
हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

सवयीनं काळी एक दाबली.
आत खोलवर कुठे लाकडाची काडी
खुट्ट झाली, बस.
निरोप पोचला होता.
वारा नव्हता.

मागचं दार कमरेएवढं. वाकून शिरलो.
भाता पलंगाएवढा, घड्यांवर कातडं
टाचांसारखं भेगाळलेलं.
पेटीचा भाता मी डाव्या हाताच्या चार बोटांनी मारतो.
इथं हापशीसारखा दांडा,
जिथं मूठ धरायची तिथं लाकूड
काचेइतकं गुळगुळीत.

आणि फळीवर पेन्सिलीनं, एकाखाली एक, आडवंतिडवं:
एलिया १९४८.
आज तीन लग्नं.
उपदेश संपत नाही.
डोळा लागला, बाई चिडल्या.
शमुवेल, वय अकरा.

"हे तुम्ही?"
काकांनी उत्तर दिलं नाही.
दोरीला टांगलेला शिशाचा गोळा दाखवला.
"हा खाली आला, वारा भरला.
वर चढाले लागला, संपत आला समजायचं.
तीस वर्षं याच्याकडेच पाहून राहिलो मी.
गाणं सारं पाठमोरं ऐकलं.
लोक म्हणत, एस्तेरबाईंचा हात काय!
हातच तो, खोटं कसं म्हणू?
पण नाताळच्या रात्री एकदा
मी अर्धा श्वास थांबलो, मुद्दाम.
अख्खं चर्च खाली बसल्यासारखं झालं.
मग मीच घाबरलो."

पुढे मोटर आली. काका घंटेवर गेले.
मोटर जळली तोवर खांदे गेले होते.

मी एक लहान नळी उचकटून घेतली,
करंगळीएवढी, कथलाची.
तोंडात कुंभारमाशीनं घर बांधलेलं,
पक्कं, नीट लिंपलेलं.
कानशीनं माती खरवडली.
आतून वाळलेले चार कोळी पडले,
आणि एक पंख.
सदऱ्याला पुसून पायाकडून फुंकली.

वर कौलाशी कबुतरं फडफडली.
"काळी दोन," मी म्हटलं, "पण थोडी चढीच."
"मेमध्ये चढतेच ती," काका म्हणाले,
"डिसेंबरात जागेवर येते.
पुन्हा फुंका बरं."
फुंकली.
त्यांचा उजवा हात दांड्यावर गेला होता.
त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

चर्चच्या समितीला कागदावर आकडा पाहिजे होता.
मी लिहिलं: कातडं, साठ चौरस फूट.
सरस, दोन किलो.
माशीची घरं काढणे, नग मोजले नाहीत.
मोटर, कोलकात्याला विचारून.
त्याखाली मजुरी लिहिताना हात थबकला,
कारण असलं काम मी कधी केलेलं नाही
हे कोणत्या रकान्यात बसवायचं?
शेवटी तेही लिहिलं, खाली, लहान अक्षरात.

निघताना काकांनी फळीकडे बोट केलं,
खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला.
एलियाच्या खाली दोन बोटं जागा होती.
मी म्हटलं, राहू द्या काका.
आधी वारा येऊ द्या.